पाचव्यातून चौथा

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रागवायचंच असेल तर कागदावर रागवा, माणसांवर नको. रक्तदाब वाढलाय म्हणे. वाढेल नाही तर काय! आमची सून चार दिवस त्यांच्या घरी पाठवतो, मग बघू त्यांचा पारा कुठे जातो ते. असो. म्हणून ही वही. ती खासगी आहे. कुणी उघडलीच तर तिथल्या तिथे मिटावी, आणि 'कुणी' म्हणजे कोण, ते माझ्या बायकोला बरोबर कळेल.

आजचा राग गाडीवरून. उद्याचाही गाडीवरूनच असणार, तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

मी तीस-बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. या गावात जे कोणी स्टिअरिंगमागे बसतात, त्यातल्या निम्म्यांना मी शिकवलंय. त्यांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, शिकताना कोण कशाला धडकलं ते मात्र पक्कं राहतं. गॅरेजवाला म्हणजे माझ्यासाठी 'खांब'. मग गुडघ्यांनी संप पुकारला, शाळा बंद केली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी गाडी घेतली. शाळेच्या गाड्यांना माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असायचे. या गाडीला ते नाहीत, कारण ही शिकवायची नाही, ही आपली. दर रविवारी मी ती स्वतः धुतो.

चिरंजीव जहाजावर नोकरीला. सहा महिने जमिनीवर, सहा महिने पाण्यात. सध्या पाण्यात. त्यामुळे गाडी रोज सूनबाईच्या ताब्यात. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, गाडीने जाते-येते. इथवर माझी काही तक्रार नाही. पण तिने एका क्लबात नाव घातलंय. तिथे टेकडीच्या रस्त्यावर घड्याळ लावून गाड्या पळवतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी निवड आहे. एका टीमला एक नवा ड्रायव्हर हवाय. निवड झाली की गाडी टीमची, टायर टीमचे. फक्त निवडीच्या दिवशी स्वतःची गाडी आणायची.

स्वतःची म्हणजे माझी!

मी आजवर सगळ्यांना एकच शिकवलं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर जाता कामा नये. आमची सूनबाई लाल रेषेला जाऊन टेकते. आज गल्लीच्या तोंडापासूनच इंजिनाचा तो टर्रर्र आवाज ऐकला आणि हातातला पेपर गळून पडला.

५ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना विषय मीच काढला. शांतपणे काढला होता, ही काहीही म्हणो.

म्हटलं, "त्या लाल रेषेपाशी तुझं काय पुरलंय?"

सूनबाई म्हणाली, "बाबा, तिथे लिमिटर असतो. काटा लाल रेषेच्या पुढे गेला की तो इंजिनाचं पेट्रोल क्षणभर तोडतो, परत सोडतो, परत तोडतो. म्हणून तो टर्रर्र आवाज येतो. इंजिनाला सांभाळायलाच बसवलाय तो."

"म्हणजे जिन्याला कठडा आहे म्हणून रोज पळत जाऊन त्याच्यावर आदळायचं?"

"रोज कुठे हो? वळणाआधी एखाद्या वेळी टेकतो काटा. क्षणभर टेकला तर इंजिनाला काही होत नाही. कोणी तिथेच दाबून धरून बसलं तर इंजिन तापेल, तेल तापेल, ते वाईटच. पण तसं कशाला कोण करेल? त्यात वेळच वाया जातो."

"वाढू का अजून?" असं ही मध्येच म्हणाली. हिला कधी काय विचारावं ते कळत नाही.

सूनबाईचं चालूच. "लिमिटर हात टेकतो तो एकाच ठिकाणी. गाडी जोरात असताना चुकून फार खालचा गिअर पडला तर. तेव्हा इंजिनाला पेट्रोल फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात. मग पेट्रोल तोडून काय उपयोग? त्याने मात्र इंजिनाची वाट लागते."

झालं. ज्याने अख्ख्या गावाला गिअर टाकायला शिकवलं, त्याला आता गिअर शिकवणार. म्हटलं, "खालचा गिअर कधी टाकायचा हे मी तुझ्याकडून शिकायचं का?" तशी म्हणाली, "तसं नाही हो बाबा, मी आपलं सांगितलं." आणि ताट उचलून गेली. बोलती बंद. पण पालथ्या घड्यावर पाणी, उद्या पुन्हा टर्रर्र ऐकू येणारच.

९ नोव्हेंबर, रविवार

आज हद्द झाली.

"बाबा, तुम्ही एकदा शेजारी बसून बघा, मग ठरवा," असं म्हणून ती मला बंद गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेली. मी गेलो. समंजस माणूस आहे मी. तिने पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला तो दाबलाच. काटा तीन, चार, पाच, सहा, आणि मग ते टर्रर्रर्र! गाडीच्या छातीत कोणी कौलं फोडतंय असं वाटलं. माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेला. ब्रेक नव्हताच. पाय नुसता पत्र्यावर आपटला आणि गुडघ्यातून कळ आली.

"बघा, काही झालं का इंजिनाला?" असं तिने हसत विचारलं.

मी दार उघडून उतरलो आणि घराकडे चालायला लागलो. ती गाडी माझ्या चालीने शेजारून आणत होती, काच खाली करून. "बाबा, बसा हो. बाबा, गुडघा दुखेल." सगळा रस्ता बघत होता. दोन जणांनी तर "सर, काय झालं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "व्यायाम." घरी येऊन गुडघ्याला शेक घेतला. आता लंगडत गाडी धुतली तर लोक काय म्हणतील, म्हणून आज धुतली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

जाहीर केलं, की गाडी निवडीला जाणार नाही. सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. ती या निवडीसाठी वर्षभर पहाटे उठून व्यायाम करतेय, जेवण मोजून खातेय, हे मला माहीत आहे. मी काही दगड नाही. पण इंजिन एकदा गेलं की गेलं.

ही म्हणाली, "तुम्ही स्वतः कधी चालवता ती गाडी? धुता आणि तिच्याकडे बघत बसता."

मला गरज पडत नाही म्हणून चालवत नाही. एवढं साधं आहे. पण या घरात साधं काही समजून घ्यायचंच नाही असा नियम आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाईची आज सुट्टी, सकाळी झोपली होती. म्हटलं, गाडीला काय काय झालंय ते एकदा आपल्या कानाने तपासावं. हिला सांगितलं, पेट्रोल भरून आणतो.

बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागलो. सकाळी तिथे कोणी नसतं. गाडी पाचव्यात टाकली, शंभरापर्यंत नेली. इंजिन छान बोलत होतं, खोटं कशाला सांगू. इतकं छान की मलाच आश्चर्य वाटलं. तेवढ्यात एका ट्रकने पुढे आडवी मान घातली. वेग कमी करायला मी चौथा टाकला. हात जरा जोरात गेला असावा, कारण गाडीला मागून कोणी दोर लावून ओढल्यासारखा गचका बसला आणि इंजिन असं किंचाळलं की माझ्या पाचावर धारण बसली. लगेच क्लच दाबला. ट्रक निघून गेला. त्या ट्रकवाल्यांना परवाने कोण देतं कोण जाणे. मी शिकवलेला नसणार.

काही झालं नाही. लिमिटर असतोच की आतमध्ये! सूनबाईचं शास्त्र एकदा तरी कामाला आलं.

परत येताना गाडी जरा थरथरत होती, सकाळचा गारवा असेल. एक पिवळा दिवाही लागला, पण हल्लीच्या गाड्यांना दिव्यांची हौसच असते. पेट्रोल भरायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मी म्हणत नव्हतो? मी म्हणत नव्हतो?

सूनबाईचा हॉस्पिटलमधून फोन. गाडी उभ्या जागी हलतेय, आतून टकटक येतेय, दम राहिलेला नाही. कशीबशी घरी आणली. मी बोनेटवर हात ठेवला तर आजारी माणसाच्या छातीवर ठेवल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. आपण बरोबर ठरलो की बरं वाटतंच.

"रविवारनंतर मी लिमिटरपर्यंत नेलेलीच नाही गाडी," ती म्हणाली.

"रविवारी नेलीस ना? विष पोटात गेलं की माणूस काय त्याच क्षणी आडवा होतो?"

मग तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "काल सकाळी गाडी तुम्ही नेली होतीत ना, बाबा?"

"पेट्रोल भरायला."

"पेट्रोलचा काटा तर तळाला आहे."

म्हटलं, विषय बदलू नकोस. ती मान फिरवून आत गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी खांबाच्या गॅरेजला दिली. तो म्हणाला, हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, उघडून बघावं लागेल.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी मुद्दाम सांगायला गेलो नव्हतो. सलूनवाल्याने विचारलं, "सर, आज पायी?" तेव्हा सांगितलं. औषधाच्या दुकानात विचारलं, तिथे सांगितलं. बँकेत कोणी विचारलं नाही, पण तिथे रांग मोठी होती. सगळे हळहळले. "सर, तुमच्यासारख्यांच्या घरात असं व्हावं?" असंही एक जण म्हणाला. निदान बाहेर तरी माझं ऐकणारी माणसं आहेत. ज्याच्या हाताखाली स्टिअरिंग धरलं त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

खांबाने हेड उघडलंय. व्हॉल्व्ह वाकलेत. दोन-तीन पिस्टनच्या डोक्यावर त्यांचे ओरखडे उठलेत. त्याने ते बोट लावून दाखवलं.

"सर, हे लिमिटरचं काम वाटत नाही."

"मग कशाचं?"

तो उगाच हात पुसायला लागला. हात आधीच स्वच्छ होते. "म्हणजे... गाडी जोरात असताना कोणी फार खालचा गिअर टाकला, तर असं होतं."

"मग तिने तेच केलं असेल."

"असेल सर. तुम्ही म्हणता तर असेल."

इतका मोठा झाला, चार माणसं हाताखाली आहेत, पण माझ्यासमोर अजून मान खाली. बरं वाटलं. येताना मात्र चुकून दोन गल्ल्या पुढे निघून गेलो. गॅरेजमधला चहा फार उकळलेला होता, त्यामुळे असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

टीमच्या मॅनेजरचा फोन आला. हाही माझाच विद्यार्थी, 'भिंत'. सूनबाईचं नाव निवडीतून काढलं.

फोन तिने सगळ्यांसमोर स्पीकरवर घेतला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. भिंत म्हणत होता, "रागावू नका, पण जिच्या हातून सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन फुटलं, तिच्या हातात टीमची गाडी कशी देऊ? सर स्वतः सांगताहेत, म्हणजे खोटं नसणार." तिने "ठीक आहे" म्हटलं. फोन टेबलावर पालथा ठेवला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती एवढंच म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं."

आता यात माझं काय चुकलं? तिने माझ्या गाडीने शर्यतीला जाऊ नये असं मला वाटत होतं, हे खरं. पण तिचं नावच कोणी खोडावं असं मी कधी म्हटलं? मी फक्त इंजिनाबद्दल बोललो होतो. लोकांना एक सांगावं तर ते दुसरंच घेऊन जातात.

तिच्या खोलीचं दार बंद आहे. ही दारापाशी दोनदा जाऊन आली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सूनबाई बोलत नाही. ही पण बोलत नाही. दोघी वाढतात मात्र वेळच्या वेळी, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. असलं मुकं घर मला सहन होत नाही. डॉक्टरांना म्हणावं, आता कागदावर काय लिहू?

आज उगाच गिअरचा विचार करत होतो. त्या ट्रकच्या वेळचा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गॅरेजला गेलो. खांब सुटे भाग आणायला गेला होता. आमची गाडी कोपऱ्यात, बोनेट उघडं, इंजिनाचं डोकं टेबलावर. आत जाऊन बसलो. म्हटलं बघावं तरी.

क्लच दाबला. पाचवा टाकला. मनात म्हटलं, आला ट्रक, आणि झटकन चौथा टाकला. खाली बघितलं तर दांडा दुसऱ्यात.

पुन्हा केलं. पुन्हा दुसऱ्यात. सावकाश केलं की चौथा पडायचा. घाई केली की हटकून दुसरा.

मग उतरून डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो, शाळेत बसायचो तिथे. डोळे मिटून पाचव्यातून चौथा टाकला. बरोबर चौथ्यात. कितीही घाई केली तरी चौथ्यात.

बत्तीस वर्षं मी डावीकडे बसलो. दांडा माझ्या उजव्या हाताला. पाचव्यातून चौथा म्हणजे दांडा किंचित आपल्याकडे घ्यायचा आणि खाली आणायचा. उजवीकडे बसलं की तोच दांडा डाव्या हाताने आपल्यापासून दूर न्यायचा असतो. माझ्या डाव्या हाताला ते कधी शिकवलंच नाही. तो घाबरला की दांडा पार पलीकडे ढकलतो आणि सरळ दुसऱ्यात घालतो. शंभराच्या वेगाला दुसरा! चाकांनी इंजिनाला फरफटत नेलं, आणि मी म्हणतो लिमिटर असतोच की आतमध्ये.

म्हणजे तिचं इंजिन, माझं इंजिन, जे काय म्हणायचं ते, मी फोडलं. आणि मी या गावाला गाडी शिकवली, पण मला गाडी येत नाही. हे वाक्य लिहून मघापासून त्याच्याकडे बघतोय. त्यात खोडण्यासारखं काही सापडत नाही.

खांब परत आला. "सर, काही हवंय का?"

म्हटलं, "नाही. दांडा बघत होतो. चांगला आहे."

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब अगदी उत्तम आहे म्हणे. त्या यंत्रात काहीतरी बिघाड असणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज चिरंजीवांचा जहाजावरून व्हिडिओ फोन. तिघं टेबलाशी बसलेलो. तो विचारत होता, गाडीचं काय झालं? मी सांगून टाकलं. ट्रक, चौथा, दुसरा, सगळं.

हिच्या हातातला डाव हातातच राहिला. चिरंजीव आधी म्हणाले, "आवाज तुटतोय, परत सांगा." म्हणजे मला ते दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही आता गाडी चालवू नका." हे अपेक्षित होतं. पोरं याचीच वाट बघत असतात.

सूनबाई म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"मला त्या बुधवारीच कळलं होतं. गाडी सोमवारी रात्री ठणठणीत होती. मध्ये फक्त तुम्ही नेलीत." तिने समोरचं ताट बाजूला सारलं. "मी वाट बघत होते, तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही बोललात, पण गावभर बोललात."

"मग तू का नाही सांगितलंस सगळ्यांना?"

"कोणाला सांगू? सगळे तुमचेच विद्यार्थी! तुमच्यासमोर माझं कोण ऐकणार होतं?"

मी चुकलो असं म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "ट्रकवाल्याची चूक होती." ही उठली आणि फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच भिंतीकडे गेलो. टायरचं दुकान आहे त्याचं, वर टीमचं ऑफिस. मला बघून खुर्चीवरून उठला, स्वतः पंखा लावला. मी जे झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा बघवेना. आपल्या मास्तरांना पडताना बघितल्यासारखा.

मग म्हणाला, "सर, तिचं नाव आजच परत घालतो. पण तुमचं नाव कशाला मध्ये? इंजिनात कंपनीचाच दोष होता, असं सांगून टाकू. विषय संपला."

म्हटलं, चालेल.

खूप हलकं वाटलं. साप मेला आणि काठीही मोडली नाही. खांबाला सांगितलं, रात्रीचा दिवस कर पण शनिवारपर्यंत गाडी उभी कर. घरी येऊन सूनबाईला बातमी दिली. तिने विचारलं, "आणि लोकांना काय सांगणार?" म्हटलं, कंपनीचा दोष. "छान," ती म्हणाली आणि बॅग उचलून कामाला गेली.

आता सूनबाईला आणखी काय हवंय? नाव परत आलं, गाडी होतेय, निवडीलाही जायला मिळतंय. हात जोडले बाबा या पोरींसमोर.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

केस कापायला गेलो. सलूनवाल्याने विचारलं, "सर, सूनबाईंनी फोडलेल्या इंजिनाचं काय झालं?"

मी म्हटलं, "तिने नाही फोडलं. कंपनीचा दोष निघाला."

त्याने कात्री थांबवली. आरशातून माझ्याकडे बघून हसला. "सर, सुनेला पाठीशी घालताय ना? मोठं मन आहे तुमचं." शेजारच्या खुर्चीवरचा तोंडाला फेस लावलेला माणूसही म्हणाला, "सर पहिल्यापासून तसेच."

केस कापून होईपर्यंत डोळे मिटून बसलो. त्याने पैसेही घ्यायला नकार दिला, ते मी बळेच ठेवले.

३० नोव्हेंबर, रविवार

आधी मुख्य गोष्ट लिहितो. तिला घेतलं. वेळेत ती दुसरी आली, पण भिंत म्हणाला की पहिल्या आलेल्यापेक्षा हिची वळणं स्वच्छ आहेत.

आता बाकीचं. टेकडीच्या शेवटच्या वळणापाशी लोक जमले होते. निम्मे माझे. मला बघून एकाने खुर्ची दिली, एकाने डोक्यावर छत्री धरली. मी बसलो. मागे कुजबुज चालली होती, ती मला ऐकू यावी एवढ्या आवाजात. "हिनेच सरांचं इंजिन फोडलं." "आणि तरी सर तिला बघायला आलेत, बघ." "कंपनीचा दोष म्हणून सांगतात. असा सासरा मिळायला नशीब लागतं." सलूनवाला सगळ्यांना समजावून सांगत होता.

तिची पाळी आली. खालून आवाज चढत आला. गाडी दिसायच्या आधी मला दिसत होतं ती काय करतेय. दुसऱ्यातून तिसरा, परत दुसरा. एकदाही कुरकुर नाही. हे कोणी शिकवलं तिला? मी नाही. वळणाच्या तोंडाशी तिने दुसराच ठेवला, तिसरा टाकून परत काढत बसायला वेळ नव्हता, आणि काटा जाऊन टेकला. टर्रर्र! क्षणभरच. मग वळली आणि वर निघून गेली.

सगळे हसले. "झालं! हेही फोडलं!" कोणीतरी टाळी दिली. छत्रीवाला म्हणाला, "सर, तुम्ही हिला गाडी दिलीतच कशी?"

काय झालं ते कळलं नाही, पण मी उभा होतो आणि ओरडत होतो. डॉक्टरांनी काही म्हटलेलं असो. "अरे गाढवांनो, गप्प बसा! ते इंजिन तिने नाही फोडलं, मी फोडलं. पाचव्यातून चौथा टाकायला गेलो आणि दुसरा पडला माझ्या हातून. कंपनीचा दोष नाही, काही नाही. मला उजवीकडे बसून गिअर टाकता येत नाही. आणि मी तुमच्या सगळ्यांकडे तिच्या नावाने बोंब मारत फिरलो."

छत्री माझ्या डोक्यावरून जराशी बाजूला गेली. "सर, तुम्ही?" सलूनवाला म्हणाला.

"मी."

खांब तिथेच होता. त्याने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली नाही.

मग गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मग सर, लिमिटरला लागलं तर इंजिनाला काही होत नाही का?" आणि सगळे माझ्याकडे तोंड करून थांबले, शाळेत थांबायचे तसे. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तयारच असतं माझ्याकडे.

म्हटलं, "मला कशाला विचारता? ती खाली येतेय, तिला विचारा."

आणि ते खरंच गेले. ती हेल्मेट काखेत धरून गाडीजवळ उभी होती, घामाने डबडबलेली, आणि ही सगळी मंडळी तिच्याभोवती. कोणी प्रश्न विचारत होतं, ती हातवारे करून सांगत होती. माझी खुर्ची तिथेच राहिली, छत्रीवालाही गेला. इतक्या वर्षांत या गावाने माझ्यादेखत दुसऱ्या कोणाला गाडीचं काही विचारलेलं मला आठवत नाही. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो. मग खुर्चीला धरून उठलो, सावकाश खाली उतरलो आणि त्या घोळक्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, कारण त्या दिवशी जेवताना ती हेच सांगत होती आणि मी ते धड ऐकलंच नव्हतं.